एका अक्षराचा खिळा

सुइदोबाशीच्या रेल्वेपुलाखाली, गाडी गेली की
केसमधले खिळे आपापल्या घरात किणकिणत,
तिथे मी एकतीस वर्षं अक्षरं वेचली.
उलटी.
मिनेगिशी सेन्सेइंच्या सातही कादंबऱ्या
मी अशा आरशातून वाचल्या,
म्हणजे वाचल्याच नाहीत असंही म्हणता येईल.
त्यांना तेच आवडायचं. म्हणायचे,
कुसाका, खरा वाचक तू,
अर्थ लागायच्या आत तुझा हात पुढे गेलेला असतो.

समीक्षक म्हणून माणूस कडक.
लेखक नावाचं कोणी नसतंच, असा त्यांचा लेख;
भाषा स्वतःला लिहिते, आपण नुसते मधले.
तो फर्मा मीच बांधला.
दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता
नसलेला लेखक ओल्या छत्रीसकट दारात:
तिसऱ्या पानावरचा स्वल्पविराम काढा.
दुपारी फोन.
राहू द्या.

कादंबऱ्याही तसल्याच.
पहिलीला पहिलं प्रकरणच नव्हतं.
एकीत नायक एकशे बाराव्या पानावर
कादंबरीचा राजीनामा देतो
आणि पुढची दोनशे पानं
त्याची खुर्ची कोणाला द्यायची यावर कचेरीत बैठका.
मी हसलो होतो. जुळाऱ्याचं हसणं
छापून येत नाही.

मग पाचवीत एक अक्षर आलं
जे आमच्या केसमध्ये नव्हतं.
डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे शून्य.
होडी पुढे गेल्यावर पाण्यावर जी वाट उरते, तिचं.
मिओ.
म्हटलं, सेन्सेइ, काना लिपीत घालतो, उच्चार तोच.
नको, म्हणाले.
ओतारी आजारी. तीन दिवस यंत्र बंद.
मालक माझ्यावर डाफरले,
त्यांच्यावर कोण डाफरणार?
चौथ्या दिवशी खिळा आला.
थंडच होता, पण त्यांनी चटका बसेलसा धरला,
अंगठ्याच्या पेरात रुतवला
आणि कातडीवर उमटलेलं अक्षर
पुसट होईस्तोवर बघत राहिले.

पान दोनशे सहा, ओळ नववी. अख्ख्या पुस्तकात एकदाच.
विद्वान तुटून पडले.
अनुपस्थितीची खूण, म्हणाले. बुडालेली बहीण.
एकानं तर महायुद्धच काढलं.
सेन्सेइंनी चाळीस पानांचं उत्तर लिहिलं,
त्या अक्षरात काहीच नाही म्हणून.
‘काहीच नाही’ मला अकरा वेळा जुळवावं लागलं.

फेब्रुवारीत गेले.
दारातल्या टेबलावर, पाहुण्यांच्या वहीपाशी, मला बसवलं.
मोठमोठी नावं आली, सही करून आत गेली.
दुपारी ओनोमिचीहून एक म्हातारी,
काळ्या किमोनोला सुक्या मासळीचा वास.
ब्रश घेतला. आडनाव भलतंच काही.
मग तीन थेंब.
मग शून्य, सावकाश, एक रेघ विसरून.

मी बघतच राहिलो.
तिला वाटलं पाकिटात कमी पडले;
उघडून पुन्हा मोजून दाखवले.
त्यांची पुस्तकं तुम्ही…?
छे हो, म्हणाली, पहिलं पाठवलं होतं,
त्याला सुरुवातच नव्हती.
पानं गळलीत म्हणून दुकानाला परत केलं.

कोण तुम्ही, हे मी विचारलं नाही.
तिनं उदबत्ती लावली, जरा टेकली,
गुडघा चोळला.
चपलांच्या गर्दीतून तिचा जोड मी शोधून दिला.
साडेतीनची गाडी होती तिची.

छापखाना मोडला तेव्हा शिसं किलोवर गेलं.
तो एक खिळा मी खिशात टाकला,
चोरी म्हणा हवं तर.

परवा क्योतोहून एक तरुण प्राध्यापिका आली,
टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून विचारू लागली,
त्या अक्षराबद्दल काही आठवतं का?
मी चहा ओतला.
म्हटलं, आठवतं ना.
ओतारी आजारी होता.
तीन दिवस लागले.